समोरच्याला न मिळालेले पॉइंट

रोबोटिक्स स्पर्धेत मॅचला चार मिनिटं उरलेली असतात, मुलांनी बनवलेले रोबोट रांगेत उभे, तीन टीमचे ड्राइव्ह कोच एका छोट्या व्हाइटबोर्डवर वाकलेले, आणि त्यातला कोणीतरी तिसऱ्या टीमकडे बघून म्हणतो, "तुमचा रोबोट आज फारसा स्कोअर करत नाहीये ना, मग तुम्ही डिफेन्स खेळा." झालं, एवढंच. कोणाला अडवायचं, कुठे अडवायचं, कधी सोडून द्यायचं, काहीच नाही. ती पोरं मान हलवतात, जातात, अडीच मिनिटं दिसेल त्याला धडका मारतात, दोन फाऊल घेऊन परत येतात, आणि मग सगळे म्हणतात बघा, डिफेन्सचा काही उपयोग नसतो.

मला ह्या गोष्टीचा खरंच त्रास होतो. गेली काही वर्षं मी मेंटर म्हणून मुलांबरोबर फील्डच्या कडेला उभा राहतोय आणि माझं ठाम मत झालंय की डिफेन्स हे उरलंसुरलं काम नाहीये, ते स्कोअरिंगच आहे, फक्त त्याचे पॉइंट स्कोअरबोर्डवर दिसत नाहीत म्हणून कोणी त्यांचा हिशोब ठेवत नाही. मॅच जिंकायला शंभर पॉइंट लागत नाहीत, समोरच्यापेक्षा एक जास्त लागतो. तो एक आपण वर चढून मिळवला काय किंवा त्यांना खाली ठेवून मिळवला काय, निकाल तोच.

आधी साधा हिशोब करू, कारण हा हिशोब न करता डिफेन्सला रोबोट पाठवणं म्हणजे अंधारात दगड मारणं. फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशनमध्ये तीन विरुद्ध तीन, एका बाजूच्या तीन टीम म्हणजे एक अलायन्स, आणि बरीच वर्षं मॅच अडीच मिनिटांची होती, पहिले १५ सेकंद ऑटोनॉमस, म्हणजे रोबोट आपोआप चालणार, आणि मग साधारण १३५ सेकंद ड्राइव्हरच्या हातात. समजा समोरच्यांचा सगळ्यात भारी रोबोट दर १० सेकंदाला एक सायकल मारतो, म्हणजे वस्तू उचल, पळ, टाक, परत ये, आणि प्रत्येक सायकलचे ५ पॉइंट. १३५ सेकंदात १३ सायकल, ६५ पॉइंट. आता आपला रोबोट त्याच्या वाटेत असा उभा राहिला की त्याची सायकल १० ऐवजी १६ सेकंदांची झाली, तर त्याच्या ८ सायकल होतात, ४० पॉइंट. म्हणजे आपण २५ पॉइंट "केले". आता स्वतःला विचारायचं की तेवढ्या वेळात आपला रोबोट स्वतः किती करू शकला असता. १५ करणारा असेल तर डिफेन्स १० ने फायद्यात आहे, ४० करणारा असेल तर आपण स्वतःचंच १५ चं नुकसान करून घेतोय. आणि त्यातून फाऊल वजा करायचे, कारण फाऊलचे पॉइंट थेट समोरच्याच्या खात्यात जातात. २०२३ च्या गेममध्ये साधा फाऊल ५ चा आणि टेक फाऊल, म्हणजे मोठ्या चुकीचा टेक्निकल फाऊल, १२ चा होता, म्हणजे दोन टेक फाऊल झाले की २४ गेले, आपण घाम गाळून वाचवलेले २५ तिथेच संपले.

हा हिशोब मुलांना एकदा फळ्यावर करून दाखवला ना, की त्यांचे प्रश्नच बदलतात. "डिफेन्स खेळू का" असं कोणी विचारत नाही, "कोणावर खेळू आणि किती सेकंद" असं विचारतात.

पण मला खरं बोलायचंय ते ह्याच्याही पुढच्या गोष्टीबद्दल, म्हणजे जिथे अडवणं आणि स्कोअर करणं ही दोन वेगळी कामं राहतच नाहीत त्याबद्दल. २०१८ चा पॉवर अप नावाचा गेम ज्यांनी खेळलाय त्यांना लगेच कळेल. त्यात फील्डच्या मधोमध एक मोठं स्केल, आणि दोन्ही बाजूंना प्रत्येक अलायन्सचा एकेक स्विच, सगळे तराजूसारखे, त्यात क्यूब टाकायचे आणि पारडं आपल्या रंगाकडे झुकवायचं. टेलीऑपमध्ये, म्हणजे ड्राइव्हर रोबोट चालवतात त्या वेळात, पारडं तुमच्याकडे झुकलेलं असेल तोपर्यंत दर सेकंदाला १ पॉइंट. गंमत अशी की समोरच्यांच्या स्विचवर सुद्धा एक ताटली तुमच्या रंगाची असायची. तिथे क्यूब टाकून तुम्हाला शून्य पॉइंट मिळायचे, पण पारडं त्यांच्याकडून हललं की त्यांचेही थांबायचे.

आमचा रोबोट त्या वर्षी स्केलपर्यंत पोचत नव्हता, लिफ्ट नव्हतीच, त्यामुळे आमचं काम ठरलेलं, जमिनीवरचा क्यूब उचलायचा आणि व्हॉल्टमध्ये ढकलायचा, प्रत्येक क्यूबचे ५ पॉइंट. प्लेऑफची एक मॅच होती, समोरच्यांचे दोन रोबोट स्केलवर एकदम पक्के, आमच्या बाजूला स्केलवाला एकच. अर्धी मॅच झाली असेल, आमची ड्राइव्हर काचेपलीकडे बघत म्हणाली, "दादा, त्यांचा स्विच फक्त दोन क्यूबवर झुकलाय, ऑटोनॉमसनंतर तिकडे कोणी गेलंच नाहीये." मी म्हणालो नको, व्हॉल्ट भर. ती पुन्हा म्हणाली, "दोनच क्यूब, दादा." आणि तेव्हा मी घड्याळाकडे बघितलं, साठ-सत्तर सेकंद उरलेले, आणि डोक्यात एकदम लख्ख पडलं की पुढचे दोन क्यूब व्हॉल्टमध्ये टाकले तर १०, आणि त्यांच्या स्विचवर टाकले तर उरलेला प्रत्येक सेकंद. मी जा म्हणालो. तिने कडेकडेने नेऊन पहिला टाकला, पारडं थोडं हललं, दुसऱ्याला वेळ लागला कारण क्यूब कुंपणाच्या कडेवर अडकला होता आणि तिने रोबोट जरा मागे घेऊन पुन्हा हळूच पुढे आणून तो आत पाडला, आणि पारडं सरळ झालं. कोणाचंच नाही. त्यांचं मीटर थांबलं.

ह्यानंतर जे झालं त्याचा आम्ही विचारही केला नव्हता. त्यांच्या ड्राइव्ह कोचला ते दिसायला बराच वेळ लागला, आणि दिसल्यावर त्याने स्केलवरचा एक रोबोट काढून स्विचकडे पाठवला. तो रोबोट खाली आला आणि स्केलवर आमचा एकटा भिडू मोकळा झाला, त्याने दोन क्यूब टाकले आणि स्केल आमच्याकडे झुकलं. स्केल फिरणं म्हणजे सेकंदाला १ चा फरक नाही, २ चा, त्यांचा १ गेला आणि आपला १ आला. आमच्या दोन क्यूबनी प्रत्यक्ष स्कोअरबोर्डवर शून्य पॉइंट केले आणि माझ्या मते ती मॅच त्या दोन क्यूबनीच जिंकली.

तेव्हापासून कुठलाही नवीन गेम आला की मी मुलांना पहिला प्रश्न हाच विचारतो, की ह्या फील्डवर असं काय आहे ज्याच्यावर दोघांचाही हक्क लागू शकतो? कारण जिथे सामायिक गोष्ट आहे तिथे डिफेन्सिव्ह स्कोअरिंग आहे.

व्हेक्स ही दुसरी रोबोटिक्स स्पर्धा, तिचे गेम ह्या बाबतीत फारच सुंदर असतात. १२ फूट बाय १२ फूटचं छोटं फील्ड, दोन विरुद्ध दोन, दोन मिनिटांची मॅच, आणि जवळजवळ दरवर्षी काहीतरी पलटवता येण्यासारखं ठेवलेलं असतं. स्पिन अपमध्ये (२०२२-२३) हाय गोलमधली एक डिस्क ५ पॉइंटची आणि एक रोलर १० चा. रोलर दोन रंगांचा, फिरवून तुमचा रंग पुढे आणला की तुमचा. आता समोरच्यांचा रोलर तुम्ही फिरवला तर त्यांचे १० गेले, तुमचे १० आले, फरक २०. चार डिस्क नेमक्या हाय गोलमध्ये मारण्याइतकं काम, आणि तेही एका जागी उभं राहून, दोन-तीन सेकंदात. त्यामुळे शेवटच्या दहा सेकंदांत डिस्क मारत बसलेली टीम आणि रोलरपाशी जाऊन उभी राहिलेली टीम ह्यात मी कायम दुसरीच्या बाजूने. अर्थात तिथे पोचायचं म्हणजे समोरचाही तिथेच येणार हे धरून चालायचं, आधी फिरवून मग रोबोट तिथेच अडसर म्हणून उभा करायचा, नाहीतर तुम्ही फिरवून पाठ फिरवली की तो परत फिरवणार.

हाय स्टेक्समध्ये (२०२४-२५) तर कोपरेच असे होते. मोबाइल गोलवर सहा रिंग, सगळ्यात वरची ३ ची आणि बाकीच्या १ च्या, म्हणजे एका रंगाचा भरलेला गोल ८ पॉइंटचा. तो पॉझिटिव्ह कोपऱ्यात ठेवला की दुप्पट, १६. निगेटिव्ह कोपऱ्यात गेला की ८ उलट वजा. म्हणजे तोच गोल ह्या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात गेला तर २४ चा फरक! एकही नवीन रिंग न टाकता. ज्या टीम नुसत्या रिंग भरत बसल्या त्यांनी ह्या २४ चा मार खाल्लाय, कारण स्वतःचा भरलेला गोल राखणं हेही काम आहे हे त्यांच्या प्लॅनमध्येच नव्हतं.

आणि टॉवर टेकओव्हर (२०१९-२०) मला अजूनही सगळ्यात हुशार गेम वाटतो. नारिंगी, हिरवे, जांभळे क्यूब, प्रत्येकाची किंमत मुळात १, आणि त्या रंगाचे जितके क्यूब टॉवरमध्ये असतील तितकी किंमत वाढायची, पण ती दोन्ही अलायन्ससाठी वाढायची. तुमच्याकडे ३ जांभळे रचलेले आणि समोरच्यांकडे ८, तर जांभळा टॉवरमध्ये टाकलात की तुम्हाला ३ आणि त्यांना ८. म्हणजे तुम्ही मेहनत करून त्यांना ५ ची आघाडी दिली. उलट मधल्या टॉवरमधला एक जांभळा काढून टाकलात तर ५ ने तुम्ही पुढे. एका क्यूबसाठी हा विचार दोन मिनिटांच्या गोंधळात, सगळे ओरडत असताना करायचा. आमच्याकडे तेव्हा एक मुलगा मॅचभर दुसरं काहीच करायचा नाही, फक्त दोन्ही बाजूंचे रंग मोजत उभा राहायचा आणि "हिरवा चालेल, जांभळा नको" एवढंच बोलायचा. त्या एका वाक्याची किंमत मी कुठल्याही मोटरपेक्षा जास्त धरतो.

जिथे नियमांनी डिफेन्स जवळजवळ संपवलाच होता तिथेही तो दुसऱ्या दाराने आत आला. २०१५ चा रीसायकल रश, दोन्ही अलायन्स आपापल्या अर्ध्यात, एकमेकांना शिवायचंच नाही, आणि एलिमिनेशनमध्येही फायनल सोडून रँकिंग सरासरी स्कोअरवर. पण मधल्या पायरीवर चार हिरवे डबे ठेवलेले होते, दोघांच्या मध्ये. डबा रचलेल्या टोट्सच्या, म्हणजे खोक्यांच्या, वर गेला की पॉइंट भराभर वाढायचे, आणि चारच डबे जास्तीचे. मग काय, ऑटोनॉमस सुरू होताक्षणी ते डबे ओढून घेणारे हात लोकांनी बनवले आणि सीझनच्या शेवटी ती शर्यत सेकंदाच्या अगदी छोट्या भागावर आली होती.

आता प्रत्यक्ष अडवण्याबद्दल थोडं, कारण तेही लागतंच. सगळ्यात मोठी चूक म्हणजे रोबोटच्या मागे पळणं. मागे पळणारा कायम उशिरा पोचतो. रोबोट नाही, वाट धरायची. समोरच्याला ज्या दोन जागा लागतात, उचलायची आणि टाकायची, त्यांच्या मधल्या सगळ्यात अरुंद ठिकाणी आडवं उभं राहायचं आणि त्याला वळसा घालायला लावायचा. एक वळसा दोन-तीन सेकंदांचा, आणि तेवढंच आपल्याला हवंय, त्याला पूर्ण थांबवायची गरजच नाही. आम्ही सरावाच्या कार्पेटवर पांढऱ्या टेपने ती वाट आखतो, आणि डिफेन्स करणाऱ्या ड्राइव्हरला टेपच्या पट्ट्याबाहेर जायचंच नाही असं सांगतो. पहिल्या दिवशी सगळे वैतागतात. तिसऱ्या दिवशी समोरचा ड्राइव्हर वैतागतो.

समोरचा जिथून शूट करतो ती जागा नियमाने सुरक्षित आहे का हे आधी बघायचं, जसं २०२२ ला लाँच पॅडला टेकलेल्या रोबोटला हात लावता यायचा नाही. तो तिथे पोचला की विषय संपला, सोडून द्यायचं आणि त्याच्या पुढच्या उचलण्याच्या जागेकडे निघायचं. तिथे उभं राहून त्याला ढोसत राहणं म्हणजे फाऊलला आमंत्रण.

आणि पिन. समोरच्याला भिंतीशी दाबून धरलं की रेफरी मोजायला लागतो, बरीच वर्षं ५ सेकंद होते, २०२५ ला ३ झाले. सोडताना नुसतं इंचभर मागे येऊन चालत नाही, ६ फुटांचं अंतर पडावं लागतं. आमची एक मॅच ह्याच्यावरच गेलीय आणि ती चूक माझी होती. २०१४ चा गेम, एरियल असिस्ट, मोठे बॉल, मोकळं फील्ड, सगळीकडे नुसती धक्काबुक्की, आणि टेक्निकल फाऊल तब्बल ५० चा. तीन असिस्टचे, म्हणजे तिन्ही रोबोटनी बॉल हाताळल्याचे, ३०, ट्रस नावाच्या आडव्या तुळईवरून फेकल्याचे १०, झेलल्याचे १०, वरच्या गोलचे १०, म्हणजे सगळं जमून आलेली अख्खी सायकल ६० ची, आणि एक टेक्निकल ५० चा. आमच्या मुलाने समोरच्याला कोपऱ्यात छान दाबलं होतं, मी खूश होऊन "धर, धर" म्हणत राहिलो आणि मोजायचंच विसरलो. त्या मुलाला माझ्याच आवाजामुळे रेफरी ऐकू येत नव्हता. मॅच संपल्यावर तो मला काही बोलला नाही, फक्त बंपरवरचं फाटलेलं कापड नीट करत बसला, आणि ते मला जास्त लागलं. आता आमच्याकडे पिन झाली की मोठ्याने मोजणं हे ड्राइव्ह कोचचं काम आहे आणि नियमाच्या आकड्याच्या एक सेकंद आधी "सोड" म्हणायचं, मग समोरचा कितीही छान अडकलेला असो.

ढकलाढकलीत बॅटरी किती जाते हेही कोणी आधी सांगत नाही. चाकं जागच्या जागी अडकली की मोटर प्रचंड करंट ओढतात, १२ व्होल्टची बॅटरी ६-७ व्होल्टपर्यंत कोसळली की कंट्रोलर स्वतःला वाचवायला मोटरच बंद करतो, आणि आपला रोबोट ऐन मोक्याला मान टाकतो. व्हेक्सच्या मोटर तर तापल्या की स्वतःच ताकद कमी करतात, ५५ अंशांच्या आसपास अर्धीच उरते. म्हणून लांबलचक रेटारेटी नको, छोटा धक्का द्या, दिशा बिघडवा, बाजूला व्हा.

कधी डिफेन्स खेळूच नये हेही सांगायला पाहिजे. व्हेक्सच्या क्वालिफिकेशनमध्ये, म्हणजे प्लेऑफआधीच्या रँकिंगच्या मॅचमध्ये, टाय सोडवायला जे एसपी पॉइंट असतात ते हरलेल्या अलायन्सच्या स्कोअरचे मिळतात, जिंकणाऱ्याला सुद्धा. म्हणजे तुम्ही आरामात जिंकत असताना समोरच्याला शून्यावर दाबून ठेवलंत तर रँकिंगमध्ये स्वतःचाच तोटा. फर्स्टमध्ये क्वालिफिकेशनला जिंकण्याशिवाय इतर कामांचेही रँकिंग पॉइंट असतात, तिथे एक रोबोट अडवायला पाठवला आणि आपलंच ते काम अर्धं राहिलं तर पुन्हा तेच. प्लेऑफमध्ये मात्र फक्त जिंकणं उरतं आणि तिथे हे सगळं हिशोबात येतं, म्हणून शनिवारी दुपारी अचानक सगळे डिफेन्स खेळायला लागतात आणि ज्यांनी त्याचा कधी सराव केला नाही ते फाऊल करतात.

स्काउटिंगमध्ये, म्हणजे इतर टीमच्या मॅच बघून केलेल्या नोंदींत, ह्याचं काही दिसत नाही हे माझं सगळ्यात मोठं दुखणं आहे. ओपीआर नावाचा आकडा सगळे बघतात, तो अलायन्सच्या एकूण स्कोअरवरून प्रत्येक टीमचा वाटा काढतो, पण जी टीम समोरच्याचे ३० कमी करते तिचं ओपीआर बिचारं तळाशीच राहतं. डिफेन्ससाठी तसाच डीपीआर आहे, पण थोड्याच मॅचवरून काढला की तो इतका हेलकावे खातो की मी त्याच्यावर विसंबत नाही. त्यापेक्षा डोळ्यांनी मोजलेलं बरं. आमच्या स्काउटच्या वहीत दर रोबोटपुढे दोन रकाने असतात, अडवलं नव्हतं तेव्हाच्या सायकल आणि अडवलं तेव्हाच्या सायकल. काही भारी रोबोट अडवल्यावरही ११ च्या ९ वर येतात, त्यांच्यावर वेळ घालवायचा नाही. काही ११ च्या ४ वर येतात. प्लेऑफमध्ये आमचा डिफेन्सवाला कोणाकडे जाणार हे ह्या दोन रकान्यांतून ठरतं. आणि तिसरा रकाना मागच्या वर्षी त्याच ड्राइव्हर मुलीने वाढवला जिने तो स्विच पाहिला होता, ती आता स्वतः मेंटर म्हणून येते. तिने वर लिहिलंय "कोणी अडवलं". अलायन्स सिलेक्शनच्या, म्हणजे प्लेऑफसाठी जोडीदार टीम निवडायच्या, आदल्या रात्री आम्ही आता सगळ्यात आधी तो रकाना वाचतो, आणि मागच्या वर्षी आमची दुसरी निवड तिथूनच झाली, रँकिंगमध्ये खूप खालची एक टीम, जिचा ड्राइव्हर आम्ही बोलवायला गेलो तेव्हा दोनदा विचारत होता की नक्की आम्हालाच ना.